अंतर आणि अवधी

मुंबईपासून लंडन किती दूर, या प्रश्नास आजवर जितकी निरनिराळी उत्तरे मिळाली तितकी भूगोलाच्या दुसऱ्या एखाद्या प्रश्नास क्वचितच मिळाली असतील. वस्तुतः पृथ्वी लहान झालेली नाही, आणि ही दोन नगरेही जागची हललेली नाहीत. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर वाचकांनी एक दोरा घ्यावा, त्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे लंडनवर धरावे आणि तो ताणावा. दोरा जेथून जाईल ती या दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट. सांताक्रूझच्या विमानतळापासून हीथ्रोच्या विमानतळापर्यंत ती मोजली तर ७,२०० किलोमीटरांच्या किंचित वर, म्हणजे सुमारे ४,४८० मैल भरते.

ही वाट मोठी गमतीची आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात लंडन मुंबईच्या वायव्येस दिसते. परंतु गोलावरचा दोरा लंडनला पोचतो तो जवळजवळ नेमका पश्चिमेकडे तोंड करून. उलट बाजूने सांगावयाचे तर, लंडनहून मुंबईस अगदी सरळ येऊ इच्छिणाऱ्या वैमानिकाने प्रथम थेट पूर्वेस निघाले पाहिजे. वर्गात हे सांगितले म्हणजे निम्मी मुले हसतात व उरलेली निम्मी दोरा मागतात! मुंबई सोडल्यावर हा दोरा काठेवाडात जामनगराजवळून जातो, कराची थोडी डावीकडे टाकून बलुचिस्तानात शिरतो, इराण तिरपा ओलांडतो, कास्पियन समुद्राच्या नैर्ऋत्य कोपऱ्यास स्पर्श करतो. पुढे कॉकेशस पर्वत, काळ्या समुद्राचा उत्तर भाग, क्रिमिया, युक्रेन, दक्षिण पोलंड, जर्मनी, हॉलंड आणि मग लंडन.

ही नावे वाचताच ज्यांच्या कपाळास आठी पडली असेल त्यांनी वृत्तपत्रे नीट वाचली आहेत असे समजावे. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांस बंद झाले, आणि तेव्हापासून आमच्या दोऱ्याच्या वाटेने तंतोतंत जाणे कोणत्याही विमानास शक्य राहिले नाही. अंतर निसर्गाने ठरविले आहे. अवधी ठरविण्यात मात्र यंत्राचा जेवढा हात, तेवढाच खालच्या भूमीच्या धन्यांचा आहे. विमानविद्येचा इतिहास आपण बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून वाचतो. या एका मार्गापुरता तरी तो परवानग्यांचा इतिहास म्हणून वाचून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विमानापूर्वीचा काळ थोडक्यात आटोपतो, परंतु अगदीच वगळता येत नाही. कारण अवधी लांबला म्हणजे राज्यकारभारात काय गोंधळ उडतो याचा उत्तम दाखला मराठ्यांच्याच इतिहासात आहे. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादाशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या कौन्सिलास तो रुचला नाही; त्यांनी कर्नल अप्टन यास पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला, आणि राघोबाचा पक्ष सोडला. इकडे सुरतेच्या तहाची बातमी केप ऑफ गुड होपला वळसा घालून लंडनला पोचली होती, आणि डायरेक्टरांचे उत्तर त्याच वळशाने परत येत होते. ते ऑगस्ट १७७६ मध्ये मुंबईस पोचले: सुरतेचा तह मान्य आहे! एकाच कंपनीचे परस्परविरुद्ध दोन तह, दोन्ही अधिकृत. मुंबईकरांनी आपल्या सोयीचा तेवढा उचलला, आणि त्यातून पुढे वडगावपर्यंतची लढाई उद्भवली. युद्धाचे कारण केवळ टपालाचा उशीर, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; मुंबईकरांना साष्टी-वसई हवीच होती. परंतु उत्तर पंधरा दिवसांत आले असते तर पुरंदरचा तह त्या स्वरूपात झालाच नसता, एवढे निश्चित.

साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन गेलेले रंगो बापूजी लंडनला सुमारे चौदा वर्षे राहिले व १८५३ च्या सुमारास परतले. त्यांचे धनी १८४७ मध्येच काशीस निवर्तले होते. अशिलाच्या मृत्यूनंतरही वकील परदेशात दावा चालवीत बसला आहे, हे चित्र त्या काळच्या अंतराची जितकी जाणीव देते तितकी कोणताही मैलांचा आकडा देऊ शकत नाही.

मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुवेझकडे निघाली. साडेपाच दिवसांच्या कोळशापुरती जिची बांधणी, तिच्यात अकरा दिवसांचा कोळसा कोंबला होता. ती २२ एप्रिलला सुवेझला पोचली. त्यांतले प्रत्यक्ष चालण्याचे दिवस २१ च. बाकीचे वाटेत कोळसा भरण्यात गेले. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीत लंडन ते सुवेझ ७ दिवस व सुवेझ ते मुंबई १३ दिवस असा हिशेब धरला आहे, आणि तो कादंबरीतला असला तरी तत्कालीन वेळापत्रकास धरून आहे. पुढे हे वीस दिवस कमी होत होत पंधरवड्यावर आले, आणि तेथेच बराच काळ थांबले. बॅलर्ड पिअरवरून मुलाला विलायतेस पोचवून आलेल्या घरात तो सुखरूप पोचल्याची तार दोन आठवड्यांनी येई, आणि त्याचे पहिले सविस्तर पत्र महिन्याने.

आता आकाशाकडे वळू. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेज कंपनीची लंडन-कराची वाहतूक सुरू झाली. तिची वाट पाहिली तर ती विमानवाहतूक होती की सर्व प्रकारच्या वाहनांचे प्रदर्शन, असा प्रश्न पडतो. लंडनजवळच्या क्रॉयडनहून स्वित्झर्लंडातील बाझलपर्यंत विमान. बाझलहून जिनोआपर्यंत आगगाडी. जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने रोम, नेपल्स, कॉर्फू, अथेन्स, क्रीटमधील सुडा बे व तोब्रुक करीत अलेक्झांड्रिया. तेथून पुन्हा आगगाडीने कैरो. कैरोहून तीन एंजिनांच्या 'हर्क्युलिस' विमानाने गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशायर, लिंगे, जास्क, ग्वादर आणि कराची. एकूण सात दिवस, भाडे १३० पौंड. मुंबईकरास कराचीहून पुढे पुन्हा आगगाडी किंवा आगबोट होतीच.

मध्येच ती आगगाडी का? आल्प्स पर्वत त्या वेळच्या विमानांस अवघड होता हे खरे. परंतु उत्तरेकडून ब्रिटिश विमानांनी आपल्या हद्दीत शिरू नये असा इटलीचा आग्रह होता, हेही तितकेच खरे. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीशी पुन्हा बिनसले व जिनोआची वाटही सोडावी लागली. इराणच्या किनाऱ्याची कथा तर याहून बोलकी आहे. कैरो ते बसरा ही वाहतूक इम्पीरियलने १९२७ च्या आरंभीच सुरू केली होती. विमाने होती, वैमानिक होते, पैसा होता. परंतु बसऱ्यापुढे दोन वर्षे पाऊल पडले नाही, कारण इराणी आखाताच्या उत्तर किनाऱ्यावरून जाण्यास तेहरान सरकार संमती देईना. जगातील सर्वांत मोठ्या साम्राज्याची विमाने बसऱ्याच्या वाळूत थांबून राहिली ती बुशायर, लिंगे आणि जास्क या तीन लहानशा बंदरांसाठी. अखेरीस संमती मिळाली तीही मुदतीची. १९३२ मध्ये मुदत सरली, तेव्हा इराणने सांगितले की किनारा सोडा आणि देशाच्या मध्यभागातून, डोंगरांवरून जा. ते इंग्रजांस परवडण्यासारखे नव्हते. त्यांनी आखात ओलांडले आणि समोरचा अरबी किनारा धरला. शारजाच्या शेखाशी करार होऊन तेथे विमानतळ व किल्ल्यासारख्या तटाचे विश्रामगृह उभे राहिले. त्याचे भाडे रुपयांत ठरले, कारण आखातात त्या काळी हिंदुस्थानचाच रुपया चालत असे.

शेख काही तेहरानच्या शहाइतका बलाढ्य नव्हता. पण त्याच्या वाळूवर उतरल्यावाचून कराचीस पोचता येत नव्हते, आणि हे त्यास पुरतेपणी समजले होते.

कैरो ते बगदाद या टप्प्याविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने येथे टपालाची ने-आण सुरू केली, तेव्हा शेकडो मैल सपाट वाळवंटात वैमानिकास खूण म्हणून दाखविण्याजोगे काहीच नव्हते. मग मोटारींच्या चाकोऱ्या पाडण्यात आल्या, आणि जेथे त्या उमटत ना तेथे चक्क नांगर धरण्यात आला. वरून उडणारा वैमानिक खालचा नांगराचा तास पाहत बगदादेस जाई. मराठीत नांगराच्या रेघेस आणि घटिकायंत्राच्या मापास एकच शब्द आहे. या प्रवासात ते दोन्ही तास एकमेकांशी असे बांधले गेले होते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एकट्याने 'पस मॉथ' हे लहानसे विमान घेऊन निघाले, अहमदाबादेस उतरले आणि दुपारी जुहूस आले. सोबत ५५ पौंड टपाल. अहमदाबादेस विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल पुढे बेळ्ळारीमार्गे मद्रासेस नेले. लंडनच्या विमानाच्या साखळीत मुंबईची कडी जोडली गेली ती या दिवशी. जुहूचा विमानतळ समुद्रकाठचा, सपाट चिखलाचा. पावसाळ्यात तो पाण्याखाली जाई, आणि मग वाहतूक पुण्यास न्यावी लागे. तेव्हा 'मुंबई-लंडन' हे अंतर वर्षातून चार महिने वस्तुतः 'पुणे-लंडन' होते, असे विनोदाने म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धाने विमाने मोठी केली, धावपट्ट्या लांब केल्या, आणि युद्ध संपताच या दोन नगरांची आजची विमानस्थाने पुढे आली. हीथ्रो १९४६ मध्ये प्रवासी वाहतुकीस खुले झाले. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या दोनच मुक्कामांनी लंडनकडे निघाले. आत ३५ प्रवासी होते; खुद्द टाटाही होते. भाडे १,७२० रुपये. त्या काळी एवढ्या पैशात मध्यम स्थितीतल्या कुटुंबाचा वर्षभराचा संसार निघे, म्हणून हा प्रवास सामान्यांसाठी नव्हता हे उघड आहे. चार एंजिनांचे हे कॉन्स्टेलेशन विमान ताशी तीनशे मैलांच्या आसपास चाले. सात दिवसांची वाट आता सुमारे एका दिवसावर आली.

ज्या विमानाने हा मार्ग उघडला त्याचा शेवट त्याच मार्गावर झाला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी 'मलबार प्रिन्सेस' कैरोहून जिनीव्हाकडे जाताना आल्प्समधील मों ब्लां शिखरावर आदळले व आतील ४८ ही जण मृत्यू पावले. प्रवाशांपैकी बहुतेक सर्व खलाशी होते. विलायतेस जाऊन जहाजावर रुजू होण्यासाठी निघालेले. जहाजावर चढण्यासाठी ज्यांना विमानाने जावे लागले त्यांना समुद्र पुन्हा दिसला नाही. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी, त्याच पर्वतावर आणि जवळजवळ त्याच जागी, 'कांचनगंगा' हे एअर-इंडियाचे जेट विमान कोसळले. ते मुंबईहून दिल्ली, बैरुत व जिनीव्हा करीत लंडनला जावयाचे होते. ११७ जण गेले. त्यांत डॉक्टर होमी भाभा होते. या अपघातांच्या कारणांविषयी पुष्कळ तर्ककुतर्क लिहिले गेले आहेत. प्रस्तुत लेखकास त्यांत गोडी नाही. ढगात आपण पर्वताच्या अलीकडे आहोत की पलीकडे, याचा अंदाज चुकला. आणि अंतराच्या विषयात याहून भयंकर चूक दुसरी नाही.

परंतु त्या विमानातले सामान मात्र प्रवास करीतच राहिले. बर्फात गाडलेल्या वस्तू हिमनदीबरोबर वर्षाला थोड्या थोड्या खाली सरकत असतात. २०१२ मध्ये भारताच्या परराष्ट्र खात्याची टपालाची एक पिशवी त्या हिमनदीच्या पायथ्याशी सापडली. २०२० मध्ये तेथेच काही भारतीय वृत्तपत्रांचे अंक मिळाले; मथळ्यांत इंदिरा गांधी यांची पंतप्रधानपदासाठी निवड झाल्याची वार्ता होती. मुंबईहून निघालेल्या टपालास आल्प्सच्या एका उतारावर शेहेचाळीस वर्षे लागली. 'ह्यू लिंडसे'ने सुद्धा इतका उशीर केला नव्हता.

१९६० मध्ये एअर-इंडियाची बोईंग ७०७ जेट विमाने या मार्गावर आली. वेग ताशी साडेपाचशे मैलांच्या वर गेला. आणि येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांत विमाने मोठी झाली, शांत झाली, काटकसरी झाली, मध्ये न थांबता जाऊ लागली. पण वेगात म्हणण्यासारखी भर पडली नाही. १९६० पर्यंतची प्रत्येक पिढी आपल्या वडिलांपेक्षा वेगाने लंडनला गेली. त्यानंतरच्या पिढ्या त्याच वेगाने, अधिक स्वस्तात गेल्या. यंत्राने आपले काम बहुतांशी तेथेच संपविले.

मग आज हिशेब काय? ४,४८० मैलांस ताशी ५६० मैलांनी भागले तर बरोबर आठ तास येतात. वेळापत्रक पाहावे तर मुंबईहून जाताना नऊ-साडेनऊ तास किंवा त्याहून अधिक, आणि येताना त्याहून तासभर कमी. याचे पहिले कारण वारा. आपल्या व इराणच्या उत्तर भागावरून हिवाळ्यात फार उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. लंडनला जाणाऱ्यास तो समोरून लागतो आणि येणाऱ्यास पाठीशी असतो. सरासरी ६० मैलांचा वारा धरला, तर जाताना खरा वेग ५०० व येताना ६२०. जाण्यास आठ तास अठ्ठावन्न मिनिटे, येण्यास सात तास चौदा मिनिटे. बेरीज सोळा तास बारा मिनिटे. जाताना जेवढे गेले तेवढे येताना परत मिळाले, असे भाबडे गणित येथे चालत नाही; वाऱ्याचा घाटा बारा मिनिटे उरतोच. हे गणित मुलांस घालून पाहावे.

दुसरे कारण असे की वेळापत्रकातील अवधी हा केवळ उडण्याचा नसतो. विमानाच्या चाकांचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या ठिकाणी ते पुन्हा लावीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. धावपट्टीसमोर रांगेत घालविलेली घटका आणि लंडनवर जागा मिळेपर्यंत मारलेल्या घिरट्याही त्यातच. शिवाय दोन्हीकडच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक. पहाटे निघून सकाळीच पोचलो असे सांगणारा प्रवासी खोटे बोलत नसतो. त्याने दोन निरनिराळ्या देशांची घड्याळे एकाच वहीत लिहिलेली असतात. आणि कधी कधी सगळा हिशेब अखेरच्या दोन मैलांत बिघडतो. २४ सप्टेंबर १९७२ रोजी लंडनहून टोकियोस निघालेले एक जपानी विमान हजारो मैल बिनचूक येऊन सांताक्रूझऐवजी जवळच्या चिमुकल्या जुहूच्या धावपट्टीवर उतरले, आणि तिच्या टोकापलीकडे जाऊन थांबले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

तिसरे कारण परवानगी. आणि आमचा मूळ मुद्दा हाच आहे.

समुद्राच्या मालकीचा वाद आपल्या किनाऱ्याने पुष्कळ पाहिला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्र आपला ठरविला, आणि त्यात फिरणाऱ्या प्रत्येक गलबतास 'कार्ताझ' नावाचा परवाना घेणे भाग पाडले. परवाना नसेल तर माल जप्त. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा या परवान्यासाठी तिला सुरतेस दीर्घकाळ तिष्ठावे लागले. दिल्लीपतीच्या घरची बाई, पण समुद्रावर तिला गोव्याची चिठ्ठी हवी. पुढे कान्होजी आंग्रे यांनी कोकणच्या किनाऱ्यावर आपले दस्तक चालू केले. ते घेण्यास इंग्रजांनी नकार दिला. आंग्रे-इंग्रज झगड्याचे एक मोठे मूळ तेच. इंग्रज इतिहासकारांनी आंग्र्यांस चांचे म्हटले, पण परवाना मागणारा चांचा आणि परवाना मागणारे सरकार यांत फरक कोणता, हे मात्र त्यांनी कधी नीट सांगितले नाही. हॉलंडच्या ग्रोशियसने १६०९ मध्ये समुद्र सर्वांचा असल्याचे प्रतिपादन केले तेही पोर्तुगीजांच्या याच मक्तेदारीविरुद्ध. कालांतराने ते तत्त्व जगाने मान्य केले.

आकाशाचे नशीब उलटे निघाले. १९१९ च्या पॅरिसच्या करारात आणि पुन्हा ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागोच्या करारात राष्ट्रांनी असे ठरविले की आपापल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राची संपूर्ण व अनन्य सत्ता आहे. समुद्रावरील कार्ताझ बुडाला तो आकाशात वर आला. वरून नुसते निघून जाण्यासाठी संमती लागते, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे शुल्कही पडते. युद्धाच्या काळात सर्वांनी बाँबफेकी विमाने पाहिली होती. मस्तकावरून कोण जातो याविषयी राष्ट्रे हळवी झाली, यात नवल नाही. हे तत्त्व चूक होते असे मी म्हणत नाही. त्याची किंमत वेळात मोजावी लागते, एवढेच माझे म्हणणे.

ती किंमत कशी मोजतात याचे दाखले दूर शोधावयास नकोत. फेब्रुवारी १९७१ मध्ये 'गंगा' हे भारतीय विमान पळवून लाहोरास नेऊन जाळण्यात आले, तेव्हा भारताने पाकिस्तानी विमानांस आपले आकाश बंद केले. कराचीहून डाक्क्यास जावयाचे म्हणजे भारताच्या डोक्यावरून सरळ रेघ. ती बंद होताच पाकिस्तानी विमाने सिंहलद्वीपास वळसा घालून, कोलंबोस उतरून जाऊ लागली. एका देशाचे दोन भाग एका आठवड्यात एकमेकांपासून दुप्पट दूर गेले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते १६ जुलैपर्यंत. तेवढ्या अवधीतल्या वळशांपायी २ जुलैपर्यंत एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांस, व काही दिवसांतच भारताने पाकिस्तानी विमानांस, पुन्हा बंदी केली, आणि महिन्यामहिन्याने तिची मुदत वाढत गेली. त्याच वर्षी जूनमध्ये इराण व इस्रायल यांच्या युद्धाने इराण-इराकचेही आकाश काही दिवस बंद पडले. म्हणजे आमच्या दोऱ्यावरचे बलुचिस्तान गेले, इराण गेला, युक्रेन तर आधीच गेला होता.

दिल्लीच्या प्रवाशास या बंदीचा जाच अधिक. त्याचे विमान प्रथम दक्षिणेस गुजरातपर्यंत उतरून मग पश्चिमेस वळते. मुंबईस समुद्र जवळ असल्याने तिचा वळसा लहान. तथापि तासाचा पाव भाग असो की अर्धा, तेवढ्या वेळचे तेल अधिक जळते व तिकिटात मिळविले जाते. ज्या घरांतली मुले विलायतेत आहेत त्या घरांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्यात नातवंडे येणार की नाहीत हे पुष्कळदा त्या तिकिटावरच ठरते.

अशा बंदीच्या दिवसांत मुंबईहून निघालेल्या भारतीय विमानाची वाट नकाशावर पाहावी. ते अरबी समुद्र ओलांडून ओमानवर येते, आखाताचा अरबी किनारा धरते, आणि इराकवरून किंवा सौदी अरबस्तानावरून उत्तरेकडे वळते. १९३२ मध्ये इराणने किनारा नाकारल्यावर इम्पीरियल एअरवेजची विमाने ताशी शंभर मैलांच्या वेगाने ज्या किनाऱ्यावरून रखडत जात, तोच हा किनारा. फरक इतकाच की त्यांना शारजास रात्री मुक्काम करावा लागे. तो जुना विमानतळ १९७७ मध्ये बंद झाला. त्याच्या धावपट्टीवरून आता शहरातला एक रहदारीचा रस्ता जातो, आणि तटाच्या त्या विश्रामगृहाचे संग्रहालय झाले आहे.